हसू नका, तपास चालू आहे!

फेब्रुवारी १९६८. अमेरिकेत जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो'मध्ये एक छोटासा प्रवेश रंगात आला आहे. शाळेच्या घंटा बनवणाऱ्या कारखान्यात चोरी झाली असून मालक, म्हणजे स्वतः कार्सन, पोलिसाला हकिगत सांगतो आहे. चोराचे नाव क्लॉड कूपर, गाव क्लीव्हलंड. चोरीला गेला आहे तो घंटांच्या तांब्याच्या लोलकांचा साठा. इंग्रजीत हे लोलक म्हणजे 'कॉपर क्लॅपर', आणि ते ठेवले होते 'क्लॉझेट'मध्ये! वाक्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द 'क'ने सुरू होणारा. 'चटईला टाचणी टोचली' हे भरभर म्हणताना आपली जी गत होते, तीच या दोघांची व्हायची वेळ. पण समोरचा पोलीस सार्जंट ढिम्म! एकेक प्रश्न मोजूनमापून, एकाच सुरात, बोहारणीने भांड्याचा भाव सांगावा तितक्या कोरडेपणाने विचारतो. प्रेक्षक मात्र हसून हसून बेजार.

हा सार्जंट म्हणजे नकला करणारा कुणी विनोदवीर नव्हता. तो खुद्द जॅक वेब होता. 'ड्रॅगनेट' या मालिकेचा निर्माता, दिग्दर्शक आणि नायकही. जो पोलीस त्याने वर्षानुवर्षे अतिशय गंभीरपणे उभा केला, त्याच पोलिसाची तो त्या रात्री टिंगल होऊ देत होता. त्याने स्वतः एकही विनोद केला नाही. फक्त नेहमीसारखा बोलला.

जुन्या पोलीस मालिकेवरून विनोदी चित्रपट काढण्याची टूम हॉलिवूडमध्ये नंतर जोरात आली. 'ड्रॅगनेट' (१९८७), 'स्टार्स्की अँड हच' (२००४), '२१ जंप स्ट्रीट' (२०१२), 'चिप्स' (२०१७)... यांतले काही चालले, काही आपटले. कोट्यवधी डॉलर ओतूनही जे काहींना जमले नाही ते त्या पाचेक मिनिटांच्या प्रवेशात का जमून गेले, हे कोडे सोडवायचे तर थोडे मागे जावे लागते.

वेबची गोष्ट सुरू होते ती १९४८ सालच्या 'ही वॉक्ड बाय नाइट' या गुन्हेगारीपटापासून. त्यात वेबला पोलीस प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचे लहानसे काम होते. चित्रपटाला सल्ला द्यायला लॉस एंजलिस पोलीस दलातला मार्टी विन नावाचा सार्जंट नेमलेला होता. चित्रपटांत आणि रेडिओवर दाखवतात तसे पोलिसाचे काम नसते, खऱ्या तपासाची कागदपत्रे पाहून कुणी गोष्टी का लिहीत नाही, असा त्याचा सूर होता. वेबच्या डोक्यात ते बसले. पोलिसांच्या गाडीत मागे बसून तो रात्रीची गस्त पाहू लागला, त्यांची भाषा टिपू लागला. जून १९४९ मध्ये 'ड्रॅगनेट' रेडिओवर आली आणि १९५१ च्या अखेरीस दूरचित्रवाणीवर.

या मालिकेत मारामारी जवळजवळ नव्हतीच. सार्जंट जो फ्रायडे आणि त्याचा जोडीदार दारे ठोठावत, शेजाऱ्यांना प्रश्न विचारत, कागद चाळत, पुन्हा दुसरे दार ठोठावत. सुरुवातीलाच बजावून सांगितले जाई की गोष्ट खरी आहे, निरपराधांची अब्रू जपण्यासाठी फक्त नावे बदलली आहेत. शेवटी आरोपीला किती शिक्षा झाली तेही कळे. ठाण्यातली खोली हुबेहूब खऱ्यासारखी हवी, टेलिफोन तसाच हवा, रेडिओवर पावलांचा आवाजसुद्धा खरा हवा, असा वेबचा हट्ट.

आणि तो सुप्रसिद्ध सपाट सूर? त्यामागचे कारण मोठे मजेदार आहे. नटांनी संवाद पाठ करून 'अभिनय' करू नये म्हणून वेब त्यांना पुढे फिरणाऱ्या पट्टीवर, म्हणजे टेलिप्रॉम्प्टरवर, संवाद वाचायला लावत असे. वाचता वाचता बोलणारा माणूस हातवारे करत नाही, आवाज चढवत नाही. त्यामुळे चित्रीकरण झपाट्याने होई आणि मालिकेला एक वेगळाच कोरडा ठेका येई. ज्याच्या नकला पुढे घरोघरी झाल्या, तो ठेका असा काटकसरीतून आणि हट्टातून जन्मलेला होता.

नकलाही लगेचच सुरू झाल्या. १९५३ मध्ये विनोदवीर स्टॅन फ्रीबर्गने एक तबकडी काढली. तिच्यात फ्रायडेच्या जागी संत जॉर्ज आणि चोराच्या जागी तरुणी गिळणारा राक्षसी ड्रॅगन! बाकी सूर तोच, प्रश्नोत्तरे तीच. ही तबकडी अमेरिकेतल्या लोकप्रिय तबकड्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. गंमत अशी की 'बाईसाहेब, फक्त मुद्द्याचे सांगा' अशा अर्थाचे जे वाक्य जो फ्रायडेचे म्हणून जगभर माहीत आहे, ते वेबने मालिकेत नेमके तशा शब्दांत कधी उच्चारलेच नव्हते. त्याला प्रसिद्धी मिळाली ती या विडंबनामुळे. अस्सलपेक्षा नक्कल लोकांच्या जास्त लक्षात राहिली, ती अशी.

मालिका १९५९ मध्ये थांबली आणि १९६७ मध्ये रंगीत होऊन परतली. आता जोडीदार होता बिल गॅनन, म्हणजे हॅरी मॉर्गन. मधल्या आठ वर्षांत अमेरिका पार बदलून गेली होती. तरुण पोरे केस वाढवून, गळ्यात माळा घालून फिरू लागली होती. नव्या मालिकेच्या पहिल्याच भागात एलएसडीच्या नशेतला एक तरुण सापडतो. त्याचा चेहरा रंगवलेला आणि डोके जमिनीत खुपसलेले. समोर करड्या सुटातला फ्रायडे उभा, कायद्याची कलमे आणि नीतीचे चार शब्द ऐकवत! वेबने हे सगळे मनापासून, पोटतिडिकेने केले होते. एक अक्षरही विनोदासाठी लिहिले नव्हते. पण तरुण प्रेक्षक ते पाहून हसू लागले. गंभीर गोष्ट विनोदी व्हायला दर वेळी विनोदी लेखक लागतोच असे नाही. काही वेळा नुसता काळ पुढे सरकला तरी पुरते.

कार्सनच्या कार्यक्रमातला तो प्रवेश नेमका याच दिवसांतला. लोक आपल्याला हसतात हे वेबला कळत नव्हते असे मुळीच नाही.

२३ डिसेंबर १९८२ रोजी जॅक वेब वारला. वय अवघे बासष्ट. लॉस एंजलिस पोलीस दलाने त्याला खात्यातल्या माणसासारखा मान दिला. फ्रायडेच्या बिल्ल्याचा क्रमांक होता ७१४. तो क्रमांक यापुढे कुणालाही द्यायचा नाही असे खात्याने जाहीर केले. जो माणूस पोलीस नव्हता, त्याने पडद्यावर लावलेल्या बिल्ल्याचा नंबर खऱ्या पोलीस दलाने निवृत्त केला! आपल्याकडे रामायण मालिकेतल्या रामाच्या लोक पाया पडत, त्याच जातीचा हा प्रकार. फरक इतकाच की इथे पाया पडणारे सरकारी खाते होते.

आणि पाचच वर्षांनी 'ड्रॅगनेट' हा विनोदी चित्रपट आला.

जून १९८७ हा महिना या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या एकाच महिन्यात दोन जुन्या पोलीस मालिका मोठ्या पडद्यावर आल्या. महिन्याच्या सुरुवातीला 'द अनटचेबल्स', अखेरीस 'ड्रॅगनेट'. पहिला ब्रायन डी पाल्माने दिग्दर्शित केलेला, गंभीर, थरारक. शॉन कॉनरीला त्यासाठी सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. दुसऱ्याने सरळ टोपी उडवायची ठरवली. अमेरिकेत पहिल्याने सुमारे साडेसात कोटी डॉलर कमावले, दुसऱ्याने साडेपाच कोटींच्या वर. म्हणजे प्रेक्षकांना दोन्ही वाटा चालल्या.

'ड्रॅगनेट'चा नायक जुना फ्रायडे नाही, त्याचा पुतण्या आहे. नाव तेच, सूट तोच, केस तसेच बारीक कापलेले. ही भूमिका केली डॅन अॅक्रॉइडने, आणि चित्रपटाच्या लेखकांतही तो होता. हा गडी मूळचा कॅनडाचा. कार्ल्टन विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र शिकायला गेला होता. पोलिसांच्या जगाचे त्याला लहान मुलाला आगगाडीचे असावे तसे वेड. त्यामुळे तो वेबची नक्कल करत नाही. १९८७ सालच्या लॉस एंजलिसमध्ये १९५० सालचे मन घेऊन वावरणारा एक माणूस तो उभा करतो. गणवेशाचे नियम, कलमांचे आकडे, अहवालातली भाषा एका दमात, न अडखळता म्हणून दाखवतो. आपण विनोदी चित्रपटात आहोत हे चित्रपटातल्या सगळ्यांना माहीत आहे, एकट्या फ्रायडेला माहीत नाही! जोडीदार म्हणून आला आहे टॉम हँक्स. दोन वेळा ऑस्कर घेण्याच्या पूर्वीचा, पोरसवदा, वाह्यात हँक्स. नियमांची फिकीर नसलेला, सतत जिभेवर चेष्टा. जोवर ही दोघे एका गाडीत बसून भांडतात तोवर चित्रपट बहारीचा आहे.

त्यातही सगळ्यात हुशारीची गोष्ट कोणती असेल तर ती हॅरी मॉर्गनची निवड. मधल्या काळात 'मॅश' या मालिकेतला कर्नल पॉटर म्हणून तो घराघरात पोचला होता. इथे बहात्तर वर्षांचा मॉर्गन पुन्हा बिल गॅनन होऊन येतो, आता कॅप्टनच्या हुद्द्यावर. तरुण फ्रायडेच्या रूपात त्याला जुना मित्र दिसतो आहे, हे त्याने सांगावेही लागत नाही. चित्रपट वेबच्या जगाची चेष्टा करतो खरा, पण त्या जगातला एक माणूस साक्षीला बसवून करतो. घरातल्या लग्नात आजोबांची नक्कल करावी आणि आजोबांच्या मित्राने पहिल्या रांगेत बसून ती पाहावी, तसे काहीसे.

मग बिनसले कुठे? दिग्दर्शक टॉम मँकीविझ हा जेम्स बाँडचे चित्रपट लिहिणारा माणूस. मोठ्या पडद्यावर त्याने प्रथमच दिग्दर्शन केले ते इथे. उत्तरार्धात त्याच्या हातातली सवय वर येते. बकऱ्याच्या केसांची कातडी पांघरून नाचणारा पंथ, धर्मोपदेशकाच्या वेशातला खलनायक, विमानातून पलायन, विमानानेच पाठलाग! अशा धुमश्चक्रीत दारे ठोठावून नोंदी करणाऱ्या पोलिसाला कामच उरत नाही. वेबच्या मालिकेत मजा होती ती क्षुल्लक गोष्टीच्या गंभीर चौकशीची. कार्सनने हे ओळखले होते, म्हणूनच त्याने चोरी ठेवली ती घंटेच्या लोलकांची. चोरी जितकी फुटकळ, तितका सार्जंटचा चेहरा जास्त हसवणार. मँकीविझने अख्खे शहर संकटात घातले आणि फ्रायडे चारचौघांसारखा नायक होऊन बसला.

एक गोष्ट मात्र तेव्हा कुणाच्या फारशी लक्षात आली नसावी. हा चित्रपट फ्रायडेच्या सुटाला हसतो, केसांना हसतो, भाषेला हसतो. पोलीस खात्याला हसत नाही. मूळ मालिकेच्या संहिता चित्रीकरणापूर्वी पोलीस खात्याच्या नजरेखालून जात. त्या काळचे पोलीसप्रमुख विल्यम पार्कर आपल्या खात्याच्या प्रतिमेला डोळ्यांत तेल घालून जपणारे. वेबला खऱ्या प्रकरणांच्या फायली मिळत, मदत मिळे आणि बदल्यात खात्याला पडद्यावर एक निष्कलंक चेहरा मिळे. शहराच्या सगळ्या वस्त्यांना तो चेहरा खरा वाटत होता असे नाही. १९६५ मध्ये वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत दंगल उसळली ती एका पोलीस कारवाईतूनच. ३ मार्च १९९१ च्या रात्री रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला याच खात्याच्या पोलिसांनी मारहाण केली. जवळच्या घरातून एकाने तिचे चित्रीकरण केले आणि ते साऱ्या जगाने पाहिले. वर्षभराने, एप्रिल १९९२ मध्ये, खटल्यातले पोलीस सुटले आणि शहर पेटले. पन्नासहून अधिक माणसे त्या दंगलीत मेली. त्यानंतर 'ड्रॅगनेट' पाहिला की फ्रायडेचा साधेपणा आधीइतका निर्मळ वाटत नाही. १९८७ चे हसू थोडे सोपे होते, एवढे म्हणावेच लागते.

याच सुमारास शेजारच्या गल्लीत आणखी एक प्रयोग चालू होता. झकर बंधू आणि जिम एब्रहॅम्स या त्रिकुटाने १९८२ मध्ये 'पोलीस स्क्वॉड!' नावाची विडंबन मालिका काढली. लक्ष्य होते 'एम स्क्वॉड'सारख्या पन्नाशीच्या दशकातल्या करड्या पोलीस मालिका. अवघे सहा भाग निघाले आणि वाहिनीने गाशा गुंडाळला. पण १९८८ मध्ये त्याच पात्राला घेऊन 'द नेकेड गन' निघाला आणि तुफान चालला. नायक लेस्ली निल्सन. हा नट आयुष्यातली पहिली तीसेक वर्षे कप्तान, डॉक्टर, खलनायक अशा भारदस्त भूमिका करत आलेला. भोवती भिंती कोसळताहेत आणि हा टाय सावरत प्रश्न विचारतो आहे! २०२५ मध्ये याचा नवा अवतार आला तेव्हा नायक म्हणून कुणी विनोदी नट न घेता लियम नीसनला घेतले गेले, ते उगाच नव्हे.

'स्टार्स्की अँड हच'बद्दल फार बोलण्यासारखे नाही. १९७५ ते १९७९ या काळातली ती मालिका म्हणजे दोन जिवलग मित्र आणि एक लाल मोटार, तिच्यावर पांढरा पट्टा. बेन स्टिलर आणि ओवेन विल्सन यांच्या चित्रपटात विग आहेत, रुंद कॉलर आहेत, मोटार आहे, शेवटी जुने दोघे नट येऊन जातात. जुना अल्बम चाळताना हसू येते, तेवढेच.

खरी युक्ती साधली ती '२१ जंप स्ट्रीट'ने. मूळ मालिका १९८७ ते १९९१ मधली. चेहऱ्याने पोरगेलसे दिसणारे पोलीस शाळेत विद्यार्थी म्हणून शिरतात आणि अमली पदार्थांचा माग काढतात, अशी कल्पना. लॉस एंजलिस पोलिसांनी १९७४ पासून खरोखरच असे पोलीस शाळांतून पाठवले होते. मालिकेने जॉनी डेपला तारा केले. ती अगदी कळकळीची होती. काही भागांच्या शेवटी नट प्रेक्षकांकडे वळून, अडचणीत असाल तर मदत मागा, असे सांगत.

२०१२ च्या चित्रपटात दिग्दर्शक फिल लॉर्ड आणि क्रिस्तोफर मिलर यांनी पहिल्या काही मिनिटांतच हत्यारे टाकून दिली. वरिष्ठ अधिकारी नायकांना सांगतो की ऐंशीच्या दशकातली एक जुनी योजना आम्ही पुन्हा चालू करतो आहोत, कारण वरच्यांना नवे काही सुचत नाही! प्रेक्षकाच्या मनातली टीका पात्रानेच बोलून टाकली की प्रेक्षक सैलावतो. पण त्याहून महत्त्वाचे हे की त्यांनी मूळ कल्पना मोडीत काढली नाही. उलट तिला एक खरा प्रश्न विचारला. शाळा सोडून काही वर्षे झालेली दोन माणसे पुन्हा शाळेत गेली तर काय होईल? तेव्हाचा दांडगट, देखणा पोरगा आता कुणाला नको आहे आणि तेव्हा ज्याची टर उडवली जाई त्या अभ्यासू पोराभोवती मुले जमताहेत. चॅनिंग टेटमच्या चेहऱ्यावरचा तो गोंधळ पाहताना हसू येते आणि जरा वाईटही वाटते. चार कोटी वीस लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात वीस कोटींच्या घरात धंदा केला आणि दोन वर्षांत दुसरा भागही आला. (घरातली लहान मंडळी जवळ असताना मात्र लावू नये. शिव्यांना सुमार नाही!)

शेवटच्या हाणामारीत दोन दाढीवाले गुंड अचानक चेहऱ्यावरचे खोटे नाक-दाढी उपटतात. ते असतात जॉनी डेप आणि पीटर डीलुईस, मूळ मालिकेतले हॅन्सन आणि पेनहॉल, इतकी वर्षे वेषांतर करून काम करणारे! पाठोपाठ दोघांना गोळ्या लागतात आणि ते मरतात. ज्या पोलिसांचे फोटो एके काळी मुलींच्या वहीत असत त्यांना असे मारणे म्हणजे अपमान म्हणायचा का? कागदावर तसे वाटते खरे. पडद्यावर मात्र ते दोघे मरतानाही आपापल्या भूमिकेत आहेत, एकमेकांचे जुने मित्र आहेत.

याच्या नेमके उलट उदाहरण 'चिप्स'चे. १९७७ ते १९८३ या काळात कॅलिफोर्नियाच्या महामार्गांवर मोटारसायकलींवरून गस्त घालणारे जॉन बेकर आणि पाँच हे दोन पोलीस लहान मुलांचे दैवत होते. पिस्तूल काढण्याची वेळ त्यांच्यावर फारशी येत नसे. अपघात, अडकलेली माणसे, सुटका, आणि शेवटी हसरे चेहरे. २०१७ च्या चित्रपटाची सुरुवातच एका पाटीने होते: कॅलिफोर्निया महामार्ग पोलिसांचा या चित्रपटाला पाठिंबा नाही, अजिबात नाही. पाटी मजेदार आहे. पुढे मात्र ओंगळ विनोद, तुटलेली बोटे, उघडीवाघडी चेष्टा. डॅक्स शेपर्डने लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात मालिकेची आठवण म्हणावी अशा मोटारसायकली तेवढ्या उरल्या. अडीच कोटी डॉलर खर्च आणि जगभरातला गल्ला त्याच्या आसपासच. मूळचा पाँच, एरिक एस्ट्राडा, आधी या प्रकारावर जाहीरपणे नाराज झाला होता. मग चित्रपटाच्या शेवटी छोट्या भूमिकेत दिसलाही. नटाचे पोट आणि नटाचा अभिमान यांचे असे नेहमीच चालते.

आता हे सगळे वाचताना मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एक दरवाजा आला नसेल तर नवल! मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही मुंबई पोलिसांच्या तपासकथांवरची मराठी मालिका करणारे बी. पी. सिंग यांनीच जानेवारी १९९८ मध्ये सोनी वाहिनीवर 'सीआयडी' आणली. एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम दोन्हींत होते. २०१८ पर्यंत ती मालिका अखंड चालली. फ्रायडेच्या बाबतीत जे घडले तेच इथे घडले. मालिका गंभीर, आणि घराघरात तिच्या नकला. एसीपींचे हवेत फिरणारे बोट, 'कुछ तो गडबड है', आणि दयाला दार तोडण्याचा हुकूम. दिल्लीपासून इंदूरपर्यंत मुलांच्या खेळात आणि मोठ्यांच्या गप्पांत ही वाक्ये शिरली. पाहणारे हसत होते आणि पाहणे सोडतही नव्हते.

मोठ्या पडद्याने त्यातला एक तुकडा उचललाही. २०१४ च्या 'सिंघम रिटर्न्स'मध्ये दयानंद शेट्टी पोलीस अधिकारी दया म्हणूनच आहेत. अजय देवगणच्या तोंडी तोच हुकूम येतो आणि दया दाराकडे वळतात. वाक्य ऐकताच हसू फुटते, आणि दया मात्र दार तोडायचे आहे एवढाच विचार करत असल्यासारखे चालतात.

'सीआयडी'वर अख्खा विनोदी चित्रपट अजून निघालेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मालिकाच परत आली, तीच मंडळी घेऊन, तशाच गंभीर चेहऱ्यांनी. पण उद्या कुणी निर्मात्याने चित्रपटाचे मनावर घेतलेच, तर लेखकाने बाकी सगळ्यांना हवे तेवढे विनोद द्यावेत. शिवाजी साटम यांच्या वाट्याला मात्र एकही देऊ नये. एक प्रेत द्यावे, एक बंद दार द्यावे आणि कॅमेरा चालू ठेवावा.